हाताच्या रेषा दिसेपर्यंत

तुम्ही शेवटचे कधी दुसऱ्या कुणासाठी दोन तास नुसते उभे राहिलात? रांगेत नव्हे, नोकरीवर नव्हे, फोन बघत नव्हे. पाठ झाडाला, डोळे जंगलाकडे, आणि मागे काही माणसं वाकून आपलं काम करताहेत, असे? लगेच उत्तर देऊ नका. मीही दिलं नव्हतं. ज्या माणसानं मला हे विचारलं तो बारा दिवसांपूर्वी गेला आणि त्याच्याशी माझं भांडण अर्धं राहिलं. ते आधी पुरं करू द्या. मग तुमच्याकडे वळते.

लटारीभाऊ, गावात नव्या आलेल्या माणसाला तुमच्याबद्दल सांगायचं म्हटलं की पंचाईत व्हायची. हा काय करतो? उभा राहतो. म्हणजे? म्हणजे उभा राहतो. बाया मोहफुलं वेचायला जातात तेव्हा त्यांच्याजवळ उभा राहतो. तेंदूची पानं तोडताना उभा राहतो, पावसाळ्यात अळंबी शोधताना उभा राहतो, सरपणाला गेल्या तरी उभा राहतो. स्वतः एक फूल उचलत नाही. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतो, उभा माणूस माणूस वाटतो, एवढंच तुमचं शास्त्र. ज्या घरची बाई त्या दिवशी जंगलात असेल त्या घरी एक वेळ जेवायचं आणि गावाच्या शेवटच्या बांधावर, चार लाकडी बल्ल्यांच्या छपरीत झोपायचं. वनरक्षकाची पक्की नोकरी, वर्दी, राहायला क्वार्टर, बायको-मुलगा, सगळं सोडून अकरा वर्षं तुम्ही हे केलंत.

पोट्टे तुम्हाला खांब म्हणायचे. शेजारची यमुनाबाई तर तोंडावर विचारायची, "काय भाऊ, खांबाले चहा लागते का?"

"खांबाले नाई लागत वं. खांबाच्या आत माणूस हाये, त्याले लागते. साखर जास्त टाक."

तुमचे नियम दोनच. पहिला, सकाळी आपल्या तळहातावरच्या रेषा दिसल्याशिवाय जंगलात पाऊल टाकायचं नाही. घड्याळ चालणार नाही, बॅटरीचा उजेड चालणार नाही. पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरून पहिली गाडी गेली, कोंबडा आरवला, काही झालं तरी नाही. सगळ्या बाया बांधावर टोपल्या घेऊन हात समोर धरून उभ्या. कुणीतरी म्हणायची, "दिसल्या वं मले." तुम्ही म्हणायचे, "कोणती रेष दिसली, सांग." ती हात डोळ्यांजवळ न्यायची. मग थांबा आणखी.

दुसरा नियम हजेरीचा. तुम्ही झाडाला पाठ लावून उभे आणि थोड्या थोड्या वेळानं एकेकीचं नाव पुकारायचे. "मंदा!" "हो!" "यमुना!" "हो!" मंदा माझी आई. मी सतरा वर्षांची असताना तिच्याबरोबर पहिल्यांदा आले तेव्हा त्या पुकारण्याचा मला राग आला. म्हटलं, "शाळेत हजेरी, इथंही हजेरी?" तुम्ही जंगलाकडून नजर न हलवता म्हणालात, "शाळेत उत्तर नाई देल्लं तं गैरहजर मांडते. इथी नाई देल्लं तं मी पळत येतो."

मग मी काय केलं, आठवतं ना? दोन दिवसांनी मुद्दाम गप्प बसले. "वैशाली!" मी तोंडावर ओढणी दाबून हसत होते. "वैशाली!" आणि तुम्ही आलात. काठी उचलून, काट्यांतून, एक चप्पल मागे सोडून, पन्नाशी उलटलेला माणूस असा पळत येईल असं मला वाटलं नव्हतं. मला हसताना बघितलंत आणि थांबलात. मारलं असतंत तर बरं झालं असतं. परत गेलात, चप्पल शोधलीत, झाडाला पाठ लावलीत आणि पुन्हा पुकारलंत. "वैशाली." मी "हो" म्हटलं. त्या "हो"ची लाज मला आजही वाटते आणि आता ती वेगळ्या कारणानंही वाटते. ते पुढे सांगते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी देव्हारा नव्हता, बाबांची लोखंडी पेटी होती आणि तिच्यात पत्रकं. गुलाबी, पिवळी, वर्तमानपत्री कागदावरची, चार घड्या घातलेली. अक्षरं मी त्यांच्यावरूनच शिकले. मला पहिला वाचता आलेला शब्द 'आई' नव्हता, 'जाहीर' होता. बाबा सायकलवरून गावोगाव ती वाटायचे आणि सांगायचे की अन्याय आधी नीट वाक्यात मांडता आला पाहिजे. मला तो मांडता येतो. तुम्ही त्यावरूनच मला पत्रकवाली म्हणायचे. कौतुक किती आणि टोमणा किती ते मी कधी विचारलं नाही.

मला तुमचं उभं राहणं समजत नव्हतं. म्हणजे त्याचा उपयोग समजत होता, पण ते विचार म्हणून पटत नव्हतं. एक माणूस आपलं घर मोडून सरकारनं करायचं काम फुकट करतो, आणि गाव त्याला खांब म्हणून हसतं. मग सरकारनं का हलावं? मी हे तुम्हाला कितीदा सांगितलं. तुम्ही ऐकायचे आणि विचारायचे, "तू कोणासाठी दोन घंटे नुसती उभी राह्यली का वं, पत्रकवाली? राहून पाय. मंग लिही."

मी न राहताच लिहिलं. 'एका माणसाच्या पायांवर निवांत झोपलेलं सरकार.' हे पत्रक मी तालुक्याच्या बाजारात वाटलं. तुम्ही ते माझ्याकडूनच वाचून घेतलंत, छपरीसमोर बसून, सगळं, शेवटच्या घोषणेपर्यंत. मग म्हणालात, "एक चूक हाये. पाय नोको लिहू, काठी लिही. पाय तं कवाचेच गेले." आणि धोतर वर करून पिंढऱ्या दाखवल्यात. शिरांचे निळे गोळे उठले होते. मी विषय बदलला.

त्याच दुपारी तुम्ही अनुसयाबाईंचं सांगितलंत. गावाला ते माहीत होतं, मला तुमच्या तोंडून पहिल्यांदा कळत होतं. तुम्ही वनरक्षक असताना अनुसयाबाईंना वाघानं मारलं. दिवस चांगला वर आला होता आणि त्या आपल्याच बांधाच्या मोहाखाली होत्या. पंचनामा तुम्ही लिहिला. साहेबांचं वरून सांगणं आलं, बाई जंगलात आत दाखव. जंगलाची हद्द दाखवणाऱ्या दगडांच्या ढिगापासून, म्हणजे मुनाऱ्यापासून, अंतर मोजायचं असतं, तर तुम्ही जवळचा मुनारा सोडून लांबच्या मुनाऱ्यापासून टेप धरला. लिहिलंत, सदर महिला सूर्योदयापूर्वी, विनापरवानगी, जंगलात आत गेली होती. एका ओळीत मेलेली बाई गुन्हेगार झाली.

"तिची पोरगी तिथीच होती," तुम्ही म्हणालात. "मी मोजून राह्यलो, तं ती मले म्हणते, 'भाऊ, आई तं इथी होती. तुमी तिकून काऊन मोजता?' मी तिले म्हटलं, 'तू बाजूले हो.'"

मी विचारलं, "मग साहेबांची तक्रार का नाही केली? मी लिहून देते, आजही."

"पेन माह्या हातात होता वं."

त्या वेळी मला हे उत्तर पळपुटं वाटलं. साहेब सुटतो आणि त्याचा वनरक्षक अकरा वर्षं उन्हात उभा राहतो, हा कसला न्याय, असं मी म्हटलं. प्रायश्चित्त ही धर्माची भाषा आहे, आपली नाही, असंही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मले भाषा नाई समजत. सकाळ झाली का बाया जातेत. मी जातो." आमचं भांडण रोज इथंच येऊन थांबायचं.

आणि मग वनखात्याच्या कचेरीवरचा मोर्चा.

मागणी चांगली होती, भाऊ. हे मी आजही मागे घेणार नाही. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत प्रत्येक गावाला पगारी राखणदार द्या. सिंदेवाहीपासून एटापल्लीपर्यंत जिथं जिथं बाया जंगलात वाकतात, तिथं तिथं एक माणूस उभा हवा. तुमचंच काम, फक्त ते एका बह्याडाचं वेड न राहता हक्काचं व्हावं. हे मी तुमच्याकडून शिकले होते आणि तुम्हाला ते सांगितलं नाही. आज सांगते आहे.

चूक वेळेची होती. विहारासमोरच्या बैठकीत मी जाहीर केलं, सकाळी सातला टेम्पो निघणार. तुम्ही बाहेर पारावर टेकला होतात, तिथून आवाज आला.

"सातचा कायले? दहाचा कर."

"दहाला निघालो तर साहेब दौऱ्यावर गेलेले असतात, भाऊ."

"मंग दुसऱ्या दिवशी जा. मोह थांबत नाई, साहेब थांबते."

बायांना दोन्ही हवं होतं. मोह पडायला लागलेला, एक दिवस सोडला तर ढोरं आणि हरणं साफ करतात. यमुनाबाई म्हणाली, "आमी अंधारातच जाऊन येतो ना. बॅटऱ्या हायेत. एक एक टोपला भरला का झालं."

"रेषा दिसल्याशिवाय नाई."

तेव्हा मी बोलले. सगळ्यांसमोर. "तुमच्या रेषांनी अकरा वर्षांत काय बदललं, भाऊ?"

तुम्ही थोडा विचार केलात. खरंच विचार केलात, उत्तर शोधल्यासारखा. मग म्हणालात, "कोणी मेलं नाई."

मी आवाज वाढवला. म्हटलं, "एक दिवस, भाऊ. एकच दिवस." बायांनी माना डोलावल्या. तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, रुसलात.

पुढची सकाळ मला आईच्या तोंडून माहीत आहे, कारण मी तेव्हा रस्त्यावर टेम्पोला बॅनर बांधत होते. आई सांगते, त्या बांधावर पोचल्या तर तुम्ही आधीच तिथं होतात. काठी आणि पाण्याची बाटली घेऊन. "पाह्यजे तं माघारी चला," एवढंच म्हणालात. कुणी ऐकलं नाही, तर पुढे निघालात. झाडाला पाठ लावलीत. अंधारात जंगल काय दिसणार, पण तोंड तिकडेच. बॅटऱ्या सगळ्या बायांच्या हातात, उजेड सगळा जमिनीवरच्या फुलांवर. तुम्ही पुकारत होतात. "मंदा!" "हो!" "यमुना!" "हो!" नेहमीपेक्षा भराभर, म्हणे, एक झालं की लगेच दुसरं.

"मंग पुकारणं बंद झालं," आई म्हणते. "आमाले वाटलं, आज घाई हाये, म्हणून पुकारत नाई. बरंच वाटलं, खोटं कायले बोलू. हो म्हणाले मान वर नाई करा लागली. मी टोपला भरला. भरला, आणि मंग हात पुसाले पाह्यला तं रेषा दिसत होत्या. तवा मी म्हटलं, यमुना, भाऊ काऊन गप्प हाये वं?"

झाडाजवळ काठी होती. तुम्ही आणखी आत होतात, वाघानं ओढत नेलं तिथं.

एका पोरीनं थट्टेत उत्तर दिलं नाही तर तुम्ही एक चप्पल टाकून पळत आला होतात. तुमचा आवाज थांबला तेव्हा आठ बायांपैकी एकीनंही मान वर केली नाही, कारण इतक्या वर्षांत तुमचं नाव पुकारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर मागण्यांचं निवेदन लिहिणारी.

मला आणखी एक कबूल करायचं आहे. तुम्हाला बांधावर आणून ठेवलं तेव्हा रस्त्यावर टेम्पो हॉर्न देत होता. गर्दीत कुणीतरी म्हणालं, भाऊंना असंच कचेरीसमोर नेऊ, आता बघतो साहेब कसा दौऱ्यावर जातो. आणि मी हो म्हटलं. मी म्हटलं, चला. माझ्या डोक्यात त्या क्षणी पत्रकाचा मथळा तयार झाला होता. तो मी इथं लिहिणार नाही.

आई मध्ये आली. तिच्या लुगड्याला मोहाचा वास होता. म्हणाली, "अकरा वर्षं उभा ठेवला तुमी त्याले. आता तरी पडू द्या." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तू घरी जाय."

मी घरी गेले नाही. पंचनाम्याला थांबले. नवा वनरक्षक आला होता, पंचविशीचा. मी त्याला डोळ्यांत तेल घालून पाहत होते. चुकीच्या मुनाऱ्यापासून मोज म्हणजे दाखवते, असं मनात होतं. टेपचं दुसरं टोक मीच धरलं. त्यानं जवळच्या मुनाऱ्यापासून मोजलं, बरोबर मोजलं. मग कागदावर वाकून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. सदर इसम सूर्योदयापूर्वी, विनापरवानगी, जंगलात आत गेला होता.

ओळ तीच होती, भाऊ. अनुसयाबाईंची. तुम्ही खोटी लिहिलेली ओळ, 'महिला'च्या जागी 'इसम', बाकी शब्दाला शब्द, आणि या वेळी तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुम्ही अकरा वर्षांत एकदाही उजाडण्याआधी आत गेला नव्हतात. ती ओळ खरी मी केली. त्यानं विचारलं, पंच म्हणून सही करता का? मी केली. पेन माझ्या हातात होता.

तेव्हा मला तुमचं ते उत्तर कळलं. पळपुटं म्हटलं होतं त्याला मी. साहेब दोषी आहेतच, व्यवस्था दोषी आहेच, त्यातलं एकही वाक्य मी खोडत नाही. पण सातची वेळ साहेबानं ठरवली नव्हती.

तुमचा मुलगा पुण्याहून आला. त्याची आई, तुमच्या बाई, आल्या नाहीत, त्यांची तब्येत बरी नाही असं तो म्हणाला. राख सावडून झाल्यावर मी त्याच्याजवळ गेले. तुमचे वडील किती मोठे होते वगैरे बोलायला लागले. त्यानं पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "तुमच्याकडे पायत होते. आमच्याकडे कोण पायत होतं?" मला तुमचं समर्थन करायचं होतं आणि करता आलं नाही. तुम्ही असता तर केलं असतंत का? मला वाटतं, नसतंत केलं. हे विचारायचं राहून गेलं. तुम्ही त्यांना कधी पत्र लिहायचा प्रयत्न केलात का, तेही. मी दिलं असतं लिहून.

चौथ्या दिवशी बाया परत जंगलात गेल्या. शहरातल्या मैत्रिणीनं विचारलं, इतक्या लवकर? मोह दुखवटा पाळत नाही, तो पडतो, आणि वर्षाचं तेल-मीठ त्यातून निघतं. बांधावर सगळ्या हात समोर धरून उभ्या होत्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. यमुनाबाई म्हणाली, "मले आयुष्याची रेष दिसली." कुणी हसलं नाही. ती स्वतःच म्हणाली, "अजून धुरकट हाये. थांबू."

मी तुमची काठी घेतली होती. आईनं पाहिलं, अडवलं नाही.

भाऊ, पहिल्या अर्ध्या तासात माझ्या पिंढऱ्या भरून आल्या. पाऊण तासानं पाठ. त्यापेक्षा वाईट म्हणजे डोकं. मला सतत काहीतरी सुचत होतं, वाक्यं, आणि एक वाक्य सुचलं की तेवढा वेळ जंगल दिसत नव्हतं. समोर बांबूचं एक पान हललं आणि मी काठी दोन्ही हातांनी उचलली. तुम्ही हे रोज. मी पुकारलं, "मंदा!" आईचं नाव मी पहिल्यांदाच असं हाकेत घेत होते. "हो!" "यमुना!" "हो!" आठही झाल्या. आणि मग थोडं थांबून, मागून, खाली वाकलेलीच, आई ओरडली, "वैशाली!"

मला उत्तर द्यायला उशीर झाला. तर टोपली टाकल्याचा आवाज आला आणि धावणारी पावलं. आई आणि तिच्या मागे यमुनाबाई. मी रडत होते म्हणून बोलता आलं नव्हतं. यमुनाबाई धापा टाकत म्हणाली, "जित्ती हायेस ना? मंग हो म्हन ना वं, बह्याडे!"

आता आमची हजेरी नवांची असते. जो उभा असतो त्याचंही नाव येतं. तुमच्या नियमांत आम्ही एवढी भर घातली आहे, तुम्ही असताना घालायला हवी होती.

मोर्चा आम्ही पुन्हा काढणार आहोत. दहाच्या टेम्पोनं. साहेब नसले तर बसून राहू. आपलं भांडणही मी सोडलेलं नाही. एका माणसानं आयुष्यभर उभं राहायला लागावं हे मला आजही मान्य नाही. पण मागणी मंजूर होईपर्यंत उद्याची सकाळ आहे, परवाची आहे, आणि त्या सकाळी बाया जाणार आहेत.

म्हणून आता वाचणाऱ्याकडे वळते. हे वाचून हळहळू नका, भाऊंचा फोटो कुठे लावू नका. तुम्ही मूल तालुक्यात असा, ब्रह्मपुरीत असा, चंद्रपूरच्या कॉलेजात असा, मोह अजून काही दिवस पडेल आणि मग तेंदू सुरू होईल. जंगलाला लागून असलेल्या कुठल्याही गावात एका सकाळसाठी जा. काठी आणि पाणी घ्या, फोन घरी ठेवा. बांधावर बायांबरोबर थांबा आणि हात समोर धरा. रेषा दिसल्या की त्यांच्याबरोबर आत चला, झाडाला पाठ लावा, दोन तास उभे राहा आणि एकेकीचं नाव पुकारा. जाण्याआधी तुमचं नाव त्यांना सांगून ठेवा. मागून कुणी ते पुकारलं तर लगेच हो म्हणा.